अठ्ठावीस हजार खोकी

पहाटे ४:५०

इंद्रायणीनगरच्या त्या इमारतीत एकच खिडकी उजळलीय. ताई ओट्याशी उभी आहे. एका शेगडीवर चहा, दुसरीवर भेंडी. डबे दोन. एक मुलाचा कॉलेजचा, एक तिचा शेडवरचा. आज बुधवार. दर बुधवारी सकाळी सातला वाकडच्या एका हॉटेलात तिच्या बिझनेस नेटवर्किंग गटाची बैठक असते. गटाचं नाव लिहायचं नाही, एवढी एकच अट तिने मला घातलीय.

"त्यांची काही चूक नाही रे. हिशोब माझा आहे."

ताईचं भोसरी एमआयडीसीत खोक्यांचं युनिट आहे. पुठ्ठ्याची खोकी, थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय. शेड भाड्याची, माणसं सात. आधी ती अशाच एका कारखान्यात अकाउंट्स बघायची. अकरा वर्षांपूर्वी सेकंडहँड मशिनं घेऊन स्वतःचं सुरू केलं.

पर्समध्ये तीन वस्तू जातात. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, नमुन्याचं एक छोटं खोकं आणि लाल पुठ्ठ्याची वही. वहीत चार रकाने आखलेत. नाव कुणी दिलं, फोन केला, माल गेला, पैसे आले. वही उलटी करून मागून उघडली की पाचवा लागतो: मी काय दिलं. गटाचं वर्ष संपतंय. नूतनीकरणाचे पैसे आज रात्री बारापर्यंत भरायचे. नाहीतर तिची खुर्ची मोकळी.

सकाळी ६:०५

नाशिक फाट्याचा पूल मोकळा आहे. पिंपळे सौदागर, कोकणे चौक, जगताप डेअरी. चौदा किलोमीटर, पंचवीस मिनिटं. येताना हाच रस्ता पाऊण तास खातो. जाऊन-येऊन सीएनजी दीडशेचा.

"पहिल्यांदा पाहुणी म्हणून गेले ना, तेव्हा भारावलेच," ताई सांगते. "लोक उठून हात मिळवतात, नावाने हाक मारतात. इथे कंपन्यांच्या परचेसमध्ये मी दहा वर्षं उभ्याने बोललेय. खुर्ची कुणी दिली नव्हती. दुसऱ्या वेळी फॉर्म भरून टाकला. विचारायचं ते विचारलंच नाही."

"काय विचारायचं होतं?"

"माझ्या खुर्चीवर आधी कोण बसत होतं."

अशा गटांत एका धंद्याचा एकच माणूस घेतात. एक सीए, एक वकील, एक खोकेवाला. दुसरा आला तरी त्याला जागा नाही. फॉर्म भरताना हे फार गोड वाटतं. ताईच्या आधी तीन वर्षांत दोन खोकेवाले येऊन गेले होते. हे तिला आठव्या महिन्यात कळलं, तेही पार्किंगमध्ये.

सकाळी ६:४०

दाराशी टेबल. त्यावर नावांचे बिल्ले ओळीने मांडलेत. नाश्त्याचे आणि हॉलचे मिळून सहाशे रुपये. ताई मोबाइल पुढे करते, पैसे जातात, ती बिल्ला उचलते. आत इडली, उपमा, कापलेली पपई, फिल्टर कॉफी. इस्त्रीचे शर्ट. एवढ्या सकाळी इतकी ताजी माणसं एका खोलीत क्वचित दिसतात.

सातला पाच कमी असताना ती मला हळूच म्हणते, "टेबलावर उरलेले बिल्ले मोज."

नऊ उरलेत. सभासद अडतीस.

"नवीन गट बघायला गेलास तर आधी हे बघायचं. भाषण नंतर. मागच्या वर्षी या दिवसांत दोन-तीन उरायचे."

सकाळी ७:१५

ओळख. प्रत्येकाला पंचेचाळीस सेकंद. एक माणूस मोबाइलवर वेळ लावून बसलाय. वेळ संपली की घंटी. इंटिरियर डिझायनर, विमा, म्युच्युअल फंड, लग्नाचे फोटो, आहारतज्ज्ञ, वॉटर प्युरिफायर, वास्तुसल्ला, दातांची डॉक्टर, सोसायट्यांना रंग देणारा. सगळे व्यवस्थित बोलतात. कुणी यमक जुळवतं. टाळ्या पडतात.

ताईची पाळी. पहिल्या महिन्यात ती म्हणायची, आम्ही सर्व प्रकारची खोकी बनवतो. त्यावर कुणाला काहीच आठवायचं नाही. आता ती म्हणते, "भोसरी-चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग पॅक करणारी कंपनी. तिथला परचेस किंवा डिस्पॅच बघणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर मला त्याचं नाव द्या. एका मापाची पाचशे खोकी, त्याखाली नको." एकतीस सेकंद. घंटी वाजतच नाही.

बाकीचे बोलत असताना ती वहीत एकेका नावापुढे काही तरी करते. मी डोकावतो. काहींपुढे 'घ' लिहिलाय, काहींपुढे 'गे'. घ म्हणजे घर. याचं गिऱ्हाईक घरात राहतं. गे म्हणजे गेट. हा माणूस कारखान्याच्या गेटवर उभा असतो. जिथे ताई उभी असते, तिथेच.

अडतीस नावांत 'गे' तीन. लेबलं छापणारा, लाकडी पॅलेटवाला, ट्रान्सपोर्टवाला.

सकाळी ८:०५

आता स्लिपा. ज्याला ज्याच्यासाठी काम सापडलं, त्याने चिठ्ठी भरून द्यायची. ताईला आज दोन मिळतात. फोटोवाल्याच्या चुलतभावाला घर बदलायचंय, पंधरा खोकी हवीत. वॉटर प्युरिफायरवाल्याच्या ओळखीची एक कंपनी आहे, हजार खोकी हवीत. ताई एक देते. तिच्या शेजारच्या शेडला नवा सीए हवाय.

मग गेल्या आठवड्यातल्या झालेल्या धंद्याबद्दल आभार. आकडे मोठ्याने वाचले जातात. दोन लाख, साठ हजार, साडेचार लाख. टाळ्या. हे आकडे ऑर्डरचे. त्यातले आले किती, हे विचारायची पद्धत नाही.

सकाळी ८:५०

पार्किंग. खरं बोलणं इथे होतं. सेक्रेटरी तरुण आहे, मनापासून काम करतो, पगार नाही. "ताई, लिंक रात्री बारापर्यंत चालू आहे. तुमच्यासारखी माणसं जायला नकोत."

"कळवते रे."

लेबलवाला स्कूटरवर हेल्मेट अडकवत उभा आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा. गेल्या वर्षी हाच ताईला चाकणच्या एका कंपनीत घेऊन गेला होता. फोन नंबर देऊन मोकळा झाला नाही. स्वतः गेटवर आला, पास काढला, डिस्पॅचच्या माणसासमोर उभं केलं आणि म्हणाला, यांचा माल मी पाहिलाय. एवढंच. तिथून आजवर चार लाख नव्वद हजारांचा माल गेलाय. पैसे तीस दिवसांत येतात.

"भरताय का ताई?" तो विचारतो.

"ठरलं नाही. तुम्ही?"

"मीही मोजतोय."

सकाळी १०:१०

शेड. दार उघडल्यावर आधी वास येतो. ओला कागद आणि शिजलेली खळ. खळीला इथे गम म्हणतात. मक्याचा स्टार्च, त्यात थोडं मोरचूद, बुरशी धरू नये म्हणून. कोरुगेशन मशिनवर मामा आहेत. उदगीरचे, ताईकडे पहिल्या दिवसापासून. तापलेल्या दोन दातेरी रोलरमधून कागद जातो आणि वळ्या पडून बाहेर येतो. त्या वळ्यांवर सपाट कागद चिकटतो. मामा बोटाने वळी दाबून बघतात. वळी बसली की खोकं बसलं, असं म्हणतात.

पुढे पेस्टिंग. थर एकावर एक, पाच कागद. शिटांची थप्पी लावून वर वजन ठेवायचं. वाळल्याशिवाय पुढे हात लावायचा नाही. मग कापणं आणि घड्या पाडणं. ते करणाऱ्या मशिनला धंद्यात रोटरी म्हणतात. मी मामांना सांगतो की दुसरी एक रोटरी शिकागोत सुरू झाली होती. १९०५ साली, पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने. तिथेही एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचे. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरायची, म्हणून नाव रोटरी. आणि सुरुवातीला एकमेकांना धंदा देणं हेही त्यांचं एक काम होतं. समाजसेवा मागून आली.

मामा ऐकून घेतात. "म्हणजे तवापासून नाश्ता चालूच हाय म्हणा की."

शेवटी स्टिचिंग. तिथे मावशी. पायाने पॅडल दाबते, तारेची पिन बसते. दाब, सरकव, दाब. एका खोक्याला सहा पिना. तासाला दीडशे खोकी, आठ तासांत बाराशे. मावशीची हजेरी पाचशे साठ.

"ताई, आज काय होतं तिथं खायला?"

"इडली, उपमा."

"केवढ्याला?"

ताई चलनबुक उघडते. "अगं, हॉलचं भाडं पण त्यातच असतं."

सकाळी ११:४०

रिळं आली. टेम्पोत चार, प्रत्येकी पाचशे किलोच्या आसपास. कागद वापीच्या मिलचा, घेतला इथल्या व्यापाऱ्याकडून. आधी वजनकाटा, मग उतराई. दोन फळ्या तिरक्या लावायच्या आणि रीळ गडगडत खाली आणायचं. खाली दोघं जण पहार घेऊन उभे. रीळ वाकडं गेलं तर पाय जातो. हमाली टनाला अडीचशे. ताई रिळाच्या कडेचा तुकडा फाडते, ओढून बघते, बोटांत चोळते. बिलावर कागदाची ताकद अठरा बीएफ लिहिलीय. "हात सोळा सांगतोय," म्हणते आणि तुकडा व्यापाऱ्याला दाखवायला पर्समध्ये ठेवते.

कागद चौतीस रुपये किलो. त्यावर जीएसटी अठरा टक्के. तयार खोक्यावर मात्र पाच टक्के लावायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर असे झाले. जास्त भरलेला कर परत मिळतो, पण अर्ज करून, थांबून. तोवर पैसा ताईचा आणि अडकलेला सरकारात.

अशा गोष्टी समजून घ्यायला ती मराठा चेंबरच्या कार्यक्रमांना जाते. उद्योजकांची ही संस्था पुण्यात १९३४ पासून आहे. तिथे ती ऑर्डर मागायला जात नाही. "कायदा कळायला एक जागा, गिऱ्हाईक मिळायला दुसरी. मी आधी दोन्ही एकाच ठिकाणी शोधत होते."

दुपारी १:२०

डबा. भेंडी, पोळी, मावशीने दिलेला ठेचा. टेबलावर लाल वही आणि कॅल्क्युलेटर. ताई आकडे सांगते, मी लिहितो.

वर्गणी चाळीस हजार. वर अठरा टक्के जीएसटी, सात हजार दोनशे. नाश्ता सहाशे गुणिले पन्नास आठवडे, तीस हजार. सीएनजी साडेसात हजार. एकूण चौऱ्याऐंशी हजार सातशे.

"वेळ धर ना," मी म्हणतो.

"बुधवारचे चार तास. पन्नास बुधवार. दोनशे तास. त्याचे पैसे मी धरत नाही, रडू येईल."

आता खोकं. अठरा बाय चौदा बाय बारा इंच, फाइव्ह प्लाय. पाऊण किलोच्या वर कागद. कागद, गम, वीज, मजुरी, भाडं, टेम्पो जाऊन अडतीस रुपयांच्या खोक्यावर तीन रुपये सुटतात. चौऱ्याऐंशी हजार सातशे भागिले तीन.

अठ्ठावीस हजार दोनशे तेहतीस खोकी.

ताई स्टिचिंग मशिनकडे बघते. मावशी डबा धुवून परत बसलीय. दिवसाला बाराशेने साडेतेवीस दिवस. पिना एक लाख एकोणसत्तर हजार. एवढ्या मारून झाल्या की गटाचं वर्ष फिटलं. त्यानंतरचं पहिलं खोकं ताईचं.

मग वही. वर्षभरात एकतीस स्लिपा आल्या. त्यातल्या चौदा घर बदलणाऱ्यांच्या, दहा-वीस खोक्यांच्या. सहा जणांनी फोन उचलला नाही. दोघांना मिठाईचे बॉक्स हवे होते, तो धंदाच वेगळा. उरल्या नऊ. नऊ जणांना भाव दिला, चौघांकडे माल गेला. सहा लाख चाळीस हजारांचा. त्यात लेबलवाल्याने दिलेलं एकच गिऱ्हाईक चार लाख नव्वद हजारांचं. तीन रुपयांच्या हिशोबाने एकूण साडेपन्नास हजार सुटले.

"आणि या एकाचे अडतीस हजार सात महिने आलेच नाहीत," ती चौथ्या रकान्यावर बोट ठेवते. "छोट्या युनिटला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. तो माणूसही गोड बोलतो. कायदाही गोड आहे."

ती वही उलटी करते. पाचवा रकाना. मी काय दिलं. सतरा चिठ्ठ्या. सीएला पाच, केटररला चार, रंगवाल्याला तीन, इंटिरियरवालीला दोन, बाकी तीन एकेक. लेबलवाल्याच्या नावापुढे शून्य.

बराच वेळ ती त्या शून्याकडे बघते. मग डबा बंद करते.

दुपारी २:४५

सकाळच्या स्लिपा. पंधरा खोकीवाल्याला ती दापोडीच्या एका दुकानाचा नंबर देते. हजार खोकीवाल्याला फोन लावते. माणूस व्यवस्थित बोलतो. माप, थर, छपाई एका रंगात. भाव अडतीस सांगितल्यावर घासाघीस करत नाही. पैसे साठ दिवसांनी. माल मात्र शनिवारी.

ताई खुशीत फोन ठेवते. वहीत दुसऱ्या रकान्यात टिक. मामांना ओरडून सांगते, "मामा, शनिवारला हजार!"

मामा मशिन न थांबवता विचारतात, "भाव घासला का?"

"नाही."

"हं," मामा म्हणतात.

दुपारी ४:१५

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा. कटिंग दहा रुपये. टेम्पोवाला तिथेच भेटतो. त्याच्या खबरी फुकट असतात. अमक्या कंपनीत खोकी संपली, तमक्याने सप्लायर बदलला. ताईला त्याने दोन-तीन गिऱ्हाइकं दिलीत. छोटी, रोखीची, दोनशे-तीनशे खोक्यांची. पुढे वाढली नाहीत. तो गेटच्या आत जातो, पण ऑफिसात जात नाही.

"हेही मोजलंय," ताई म्हणते. "टपरीवरच सगळं मिळतं म्हणणारे खूप भेटतात. मिळतं. टपरीएवढं."

संध्याकाळी ५:४०

माल निघतोय. खोकी घडी केलेली, पंचवीसचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. पोरं गठ्ठे डोक्यावरून टेम्पोत फेकतात. टेम्पो वजनाने कधीच भरत नाही, आधी जागा संपते. खोक्याच्या धंद्यात हवेचंच भाडं जास्त पडतं. मावशी हात धुते. बोटाला पिन लागलीय, तिने सेलोटेप गुंडाळलाय. उद्या गुरुवार, भोसरीची सुट्टी. पोरं आत्ताच हसायला लागलीत.

संध्याकाळी ७:१०

दुसरा गट. भोसरीतच, एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. महिन्यातून एकदा बैठक. ताई आज पाहुणी आहे. सात म्हणून सांगितलं होतं. सुरू व्हायला साडेसात होतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बटाटेवडा, चहा. माणशी ऐंशी रुपये. वर्षाला तीन हजार, खोलीच्या भाड्यापुरते.

घंटी नाही. त्याचा परिणामही दिसतो. एक गृहस्थ आपल्या नव्या मशिनबद्दल वीस मिनिटं बोलतात. कुणी अडवत नाही. कोणी कुणाला किती काम दिलं, याची नोंद नाही. बावीसपैकी सोळा आलेत. खोकेवाले आधीच दोन आहेत.

ताई वही काढते आणि नावांपुढे अक्षरं लिहायला लागते. पॅलेट, फोम, टेप, स्ट्रेच फिल्म, फ्युमिगेशन, टूलरूम, कोटिंग, दोन ट्रान्सपोर्टवाले. सोळांपैकी चौदा 'गे'.

मग ती एकेकाला बाजूला घेते. पहिल्या गटात जे विचारायचं राहून गेलं, ते आता ती विचारते. गेल्या वर्षी कोण सोडून गेलं? त्याचा नंबर द्याल? तुम्हाला इथून आलेल्या कामाचे पैसे आले का? काम मिळालं का, हे ती विचारतच नाही. एक जण नंबर देतो. एक जण हसून विषय बदलतो. तीही नोंद वहीत.

मोठ्या खोकेवाल्याजवळ जाते. तो सेव्हन प्लाय, एक्स्पोर्टची मोठी खोकी करतो. "पाचशे-हजारचा लॉट मला परवडत नाही," तो म्हणतो. "महिन्यात दोन-तीन जणांना मी परत पाठवतो."

"कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. कोणी विचारलंच नाही."

वड्याची ताटली हातात घेऊन ती इथल्या पॅलेटवाल्याशी बोलतेय. शनिवारच्या ऑर्डरचा विषय निघतो. ताई कंपनीचं नाव सांगते. पॅलेटवाला खाता-खाता थांबतो.

"भाव घासला नाही ना?"

"नाही."

"माझ्याशीही नाही घासला. नऊ महिने झाले. तीन लाख. आधी रोख घ्या ताई, मगच माल उतरवा."

हजार गुणिले अडतीस. अडतीस हजार. वहीत हा आकडा एकदा आहेच.

ती तिथूनच मामांना फोन करते. "मामा, शनिवारचे हजार थांबवा. ॲडव्हान्स आला तर करू." पलीकडे मामा 'बरं' म्हणतात. अजून कागदही कापलेला नाही.

आल्यापासून तिला एका पैशाची ऑर्डर मिळालेली नाही. खर्च ऐंशी रुपये.

रात्री ९:३०

घर. मुलाचं जेवण झालंय. ताई पाय वर घेऊन सोफ्यावर बसते, मांडीवर वही. सकाळच्या सेक्रेटरीला मेसेज लिहिते. दोनदा खोडते. शेवटी असा जातो: 'या वर्षी नूतनीकरण करत नाही. गटाबद्दल तक्रार नाही. माझं गिऱ्हाईक घरात राहत नाही, एवढंच. केटररला आणि सीएला माझ्याकडून काम येत राहील.' लगेच उत्तर येतं, हात जोडल्याचं चित्र.

"आणि संध्याकाळचा?" मी विचारतो.

"आणखी दोनदा पाहुणी म्हणून जाईन. सोडून गेलेल्याला फोन करीन. घाई नाही. तिथेही शिस्त नाही, बघितलंस ना. वीस मिनिटं त्या मशिनचीच गोष्ट." जरा थांबून म्हणते, "इंटिरियरवालीने वर्षात वर्गणीच्या दसपट कमावलं. तिच्यासाठी सकाळचाच गट चांगला. तू लिहिशील तेव्हा हेही लिही."

लिहिलं.

मग ती लेबलवाल्याला फोन लावते. बोलणं मिनिटभराचं. ताईचं जुनं गिऱ्हाईक आहे, तळवड्याला. त्यांची लेबलं मुंबईहून येतात, उशिरा येतात, तक्रार करत असतात. ही तक्रार ताई वर्षभर ऐकतेय. आज दुपारी शून्य बघेपर्यंत तिला दुवा जोडायचं सुचलं नव्हतं. कंपनी मोठी आहे, गुरुवारीही चालू असते. तिथल्या डिस्पॅचच्या माणसाशी ती संध्याकाळीच बोललीय.

वही उलटी होते. पाचव्या रकान्यात लेबलवाल्याच्या नावापुढचं शून्य ती खोडत नाही. त्याच्या पुढे पेन्सिलने लिहिते: गुरुवार, साडेदहा, गेट नंबर दोन. पेन्सिलने, कारण ऑर्डर अजून झालेली नाही.